घरचा गिझर : गंज का लागतो आणि तो कसा रोखावा

थंडी पडू लागली की आपल्या वसाहतीत गिझर दुरुस्त करणाऱ्यांची वर्दळ वाढते. कोणाच्या गिझरखाली पाणी ठिबकत असते, कोणाच्या नळाला सकाळी तांबूस पाणी येते, तर कोणाकडे बटण दाबताच मेन स्विच पडतो. मेकॅनिक येतो, वर पाहतो आणि बहुतेक वेळा एवढेच सांगतो, "टाकी गेली, आता नवीनच घ्या." टाकी कशाने गेली, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "पाणी खराब आहे, साहेब."

पाणी खराब असते हे खरे. पण ते अर्धेच खरे आहे. गिझरची टाकी गंजू नये म्हणून कारखान्यातच तिच्या आत एक कांडी बसविलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचविते. ती संपली की टाकीची पाळी येते. ही कांडी अधूनमधून काढून पाहावी लागते व संपत आली की बदलावी लागते. एवढी साधी गोष्ट गिझर विकताना सहसा कोणी सांगत नाही आणि घेताना आपणही विचारत नाही. परिणामी काही शे रुपयांच्या कांडीपायी काही हजारांचा गिझर भंगारात जातो.

प्रस्तुत लेखात हा विषय सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मी कला शाखेचा पदवीधर असून रोजचे काम बँकेच्या हिशेबाचे. तेव्हा यात अवघड सूत्रे नाहीत. घर चालविणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल तेवढेच शास्त्र आहे.

बंबाकडून गिझरकडे

मागच्या पिढीत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अंघोळीचे पाणी चुलीवरच तापत असे. तांब्याचा बंब असणे ही सुखवस्तू घराची खूण मानली जाई. मध्यभागी निखाऱ्यांची नळी, तिच्या भोवती पाणी आणि बाजूला तोटी, अशी त्याची साधी रचना. असे बंब एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात. याची कारणे दोन. एक तर तांबे हे लोखंडासारखे गंजत नाही. त्यावर काळपट-हिरवट थर चढतो, पण तो धातूला घट्ट चिकटून राहतो व आतल्या तांब्याचे रक्षण करतो. दुसरे कारण असे की बंब डोळ्यांसमोर असे. चिंच व राख लावून तो घासला जाई, त्याच्या आत डोकावून पाहिले जाई.

विजेच्या गिझरमध्ये या दोन्ही गोष्टी बदलल्या. पूर्वी काही गिझरना तांब्याच्या टाक्या असत. तांबे महागले आणि पोलादी टाक्यांचे प्रमाण वाढले. शिवाय ही टाकी बाहेरच्या आवरणात बंद असते व न्हाणीघरात उंचावर टांगलेली असते. आत काय चालले आहे ते पाणी गळू लागेपर्यंत कोणालाच कळत नाही.

गिझरच्या पोटात काय असते?

बाहेरचे प्लॅस्टिकचे किंवा पत्र्याचे आवरण काढले तर आत फोमसारखा उष्णतारोधक थर लागतो आणि त्याच्या आत खरी टाकी असते. घरगुती गिझरची टाकी साधारणपणे ६, १०, १५ किंवा २५ लिटरची असते. टाकीच्या तळाशी बोल्टने आवळलेली एक गोल चकती असते. पाणी तापविणारी कॉइल, थर्मोस्टॅट आणि वर सांगितलेली कांडी यांची जोडणी बहुतेक गिझरमध्ये या चकतीवरच केलेली असते. थंड पाणी खालून आत येते. गरम पाणी हलके असल्याने वर चढते व टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेल्या नळीतून बाहेर पडते.

पोलादी टाकीला आतून बहुधा एनॅमलचे अस्तर असते. काचेची भुकटी पोलादावर लावून ती ८०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेत भाजली की हे अस्तर तयार होते. आपल्याकडे पूर्वी एनॅमलचे मग व थाळ्या घरोघर असत. त्यांचेही तंत्र हेच. मग खाली पडला की टवका उडे आणि नेमक्या त्याच जागी दोन-चार दिवसांत तांबडा डाग दिसू लागे. गिझरच्या टाकीचेही तसेच आहे. अस्तर कितीही चांगले असले तरी सांध्यांवर, कडांवर, नळी जोडलेल्या जागी सूक्ष्म छिद्रे राहून जातात. गिझर हमालाच्या हातून आपटला, तर तडाही जातो. तेथे पोलाद उघडे पडते व पाणी त्याला जाऊन भिडते.

लोखंड का गंजते?

लोखंडाला गंज चढण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, म्हणून प्राणवायू पाण्याबरोबरच टाकीत शिरतो. ही क्रिया मुळात विजेची आहे. टॉर्चचा जुना सेल फोडून पाहिला तर त्याचे जस्ताचे कवच आतून झिजलेले दिसते. सेल वीज देतो तो त्या जस्ताच्या मोबदल्यात. ओल्या लोखंडावर असेच अगदी लहान लहान सेल तयार होतात. एका जागी लोखंड झिजून पाण्यात उतरते, शेजारच्या जागी प्राणवायू त्याचा विद्युतभार स्वीकारतो आणि त्या दोहोंतून तांबडा गंज तयार होतो.

तांब्यावरचा थर घट्ट बसतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, त्याचे पोपडे सुटतात व खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून लोखंडाचे गंजणे आपोआप थांबत नाही.

गिझरमध्ये या क्रियेला तीन गोष्टींचे बळ मिळते. पहिली उष्णता, कारण गरम पाण्यात गंजण्याचा वेग वाढतो. दुसरी गोष्ट पाण्यातील क्षार, कारण क्षारांमुळे पाण्यातून वीज सहज वाहते. तिसरी गोष्ट म्हणजे रोज येणारे नवे पाणी. त्याबरोबर रोज नवा प्राणवायूही येतो.

मॅग्नेशियमची कांडी : लोखंडाचा जामीनदार

सर्व धातू सारख्याच तयारीने झिजत नाहीत. झिजण्याच्या ओढीप्रमाणे त्यांचा क्रम लावला तर मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, तांबे असा लागतो. दोन धातू एकमेकांना जोडून एकाच पाण्यात ठेवले तर या क्रमात जो आधी असतो तो झिजतो आणि दुसरा वाचतो.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मॅग्नेशियम हा लोखंडाचा जामीनदार आहे. पाण्यातला प्राणवायू वसुलीला येतो. उघड्या पडलेल्या लोखंडाने जे द्यावयाचे ते त्याच्या वतीने मॅग्नेशियमची कांडी देत राहते. जामीनदाराजवळ शिल्लक आहे तोवर ऋणकोला हात लागत नाही. शिल्लक संपली की वसुली थेट टाकीकडे वळते. कांडीच्या मध्यभागी एक पोलादी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम असते. मेकॅनिक लोक तिला ॲनोड रॉड म्हणतात.

आमच्या शेजारच्या इमारतीत गळू लागलेला एक गिझर गच्चीवर नेऊन उघडला, तेव्हा मी तेथे उभा होतो. बोटाएवढ्या जाड कांडीच्या जागी नुसती काळी तार लोंबत होती. टाकीच्या तळाशी ओंजळभर पांढरा-तांबडा चुरा साचला होता. ती कांडी कधी संपली हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ती आत आहे हेच ठाऊक नव्हते.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असत आणि समुद्राच्या पाण्याने ते पत्रे झिजत. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने त्या पत्र्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचविला. तांब्याची झीज खरोखरच थांबली. परंतु गंमत अशी की तांबे किंचित विरघळत असे म्हणूनच त्यावर शेवाळ व शिंपले बसत नसत. झीज थांबल्यावर तळाला त्यांची दाटी होऊन जहाजे मंदावली व आरमाराने तो उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र टिकले. आज पोलादी जहाजे व जमिनीखालचे नळ यांचे रक्षण त्याच तत्त्वावर केले जाते.

आपल्या घरातील पत्र्याची बादली हे त्याचेच उदाहरण होय. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो खरवडला गेला तरी आसपासचे जस्त झिजून लोखंडाला सांभाळते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पाणी सुमारे ६० अंशांच्या पुढे तापले तर काही प्रकारच्या पाण्यात जस्त व लोखंड यांचे नाते उलटते आणि जस्ताऐवजी लोखंडच झिजू लागते. म्हणून गरम पाण्याच्या लाइनसाठी जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप फारसा चांगला नाही. आजकाल त्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरतात. साधा पीव्हीसी पाइप मात्र गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. तसेच तांब्याची किंवा पितळेची जोडणी लोखंडी पाइपला थेट केली तर त्या सांध्यापाशी लोखंड लवकर गंजते.

पाण्याचा गुण

एकाच कंपनीचा गिझर एका गावात दहा वर्षे चालतो आणि दुसऱ्या गावात चौथ्या वर्षी गळतो. यात पाण्याचा वाटा मोठा असतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशा तलावांचे पाणी मिळते. ते तुलनेने मृदू असते. बोअरवेलचे पाणी खडकातून झिरपून येते व त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. उपनगरांतील नव्या वसाहतींत आणि मराठवाड्यासारख्या भागांत उन्हाळ्यात बोअर किंवा टँकरवरच भिस्त असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, ही जड पाण्याची लक्षणे गृहिणींना चांगली माहीत आहेत.

पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम दिली आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे असे ते मानक म्हणते. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी हेच आकडे ५०० व २००० आहेत. सोसायटीने बोअरच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घेतली, तर गिझरची कांडी किती वेळा पाहावी याचा अंदाज सर्व सभासदांना एकदमच मिळेल.

जड पाणी तापले की त्यातील क्षार कॉइलवर व तळाशी थर धरतात. थराखाली कॉइल अधिक तापते, तिचे कवच तडकते. हा थर कांडीवरही बसतो आणि मग कांडी शिल्लक असूनही काम करीत नाही. मृदू पाण्यात असा थर बसत नाही, पण म्हणून ते निर्धोक ठरत नाही. मृदू पाणीही उघड्या लोखंडाला गंजवितेच. ज्यांच्याकडे मिठावर चालणारे पाणी मृदू करण्याचे यंत्र बसविले आहे, त्यांनीही ध्यानात ठेवावे की कॉइलवरचा थर त्यामुळे कमी होतो, परंतु क्षार पाण्यात राहतातच आणि कांडी लवकर झिजू शकते.

स्टेनलेस स्टीलची टाकी गंजतच नाही, असाही एक समज आहे. तिच्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो. परंतु खारट पाण्यातील क्लोराइड हा पापुद्रा भेदते आणि मग विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांपाशी टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. खाऱ्या पाण्याच्या गावात नुसत्या 'स्टेनलेस' या शब्दावर विसंबू नये.

गंज ओळखावा कसा?

सकाळी पहिले पाणी तांबूस आले तर लगेच गिझरला दोष देऊ नये. दोन स्वच्छ काचेचे पेले घ्यावेत. एकात थंड नळाचे व दुसऱ्यात गरम नळाचे पाणी घ्यावे. दोन्ही तांबूस असतील तर दोष इमारतीच्या जुन्या पाइपात किंवा वरच्या टाकीत आहे. फक्त गरम पाणीच तांबूस असेल तर गिझर किंवा गरम पाण्याची लाइन तपासावी.

गिझर तापताना आतून तडतड किंवा गुरगुर ऐकू येत असेल तर कॉइलवर अथवा तळाशी क्षार साचले असे समजावे. गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाण्यातील एका प्रकारच्या जिवाणूंची कांडीशी गाठ पडलेली असते. तेथे मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी बसविल्याने पुष्कळदा फरक पडतो. कांडी काढूनच टाकणे हा मात्र उपाय नव्हे.

खाली पाणी ठिबकत असेल तर ते कोठून येते हे आधी पाहावे. नळीच्या सांध्यातून किंवा चकतीच्या गॅस्केटमधून येत असेल तर दुरुस्ती किरकोळ असते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडत असतील तर ते स्वाभाविक आहे. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्का फुगते. म्हणजे २५ लिटरच्या टाकीत एक तृतीयांश लिटरहून थोडे अधिक पाणी जास्तीचे होते व त्याला वाट लागते. आवरणाच्या आतूनच पाणी झिरपत असेल तर मात्र टाकीला भोक पडले असे समजावे. अशा टाकीला वेल्डिंग करून उपयोग नाही. त्या उष्णतेने आसपासचे अस्तर उडते व काही दिवसांत शेजारी दुसरे भोक पडते.

वर्षातून एकदा करावयाची कामे

थंडीपूर्वी जाणकार मेकॅनिकला बोलावून पुढील कामे आपल्यासमोर करून घ्यावीत.

१. आधी मेन स्विच बंद करावा व पिन काढावी. पाणी पूर्ण निवू द्यावे. मग येणाऱ्या पाण्याची चावी बंद करून टाकी रिकामी करावी. तळाचा गाळ निघून जाईपर्यंत दोन-तीन वेळा टाकी धुवावी.

२. चकती उघडून कांडी पाहावी. ती निम्म्याहून अधिक झिजली असेल, मधली तार दिसू लागली असेल किंवा तिच्यावर टणक थर बसला असेल तर बदलावी. बोअरच्या पाण्यावर बहुधा दरवर्षी व चांगल्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी बदलण्याची वेळ येते. नवी कांडी त्याच मॉडेलची व लांबीची असावी.

३. कॉइलवरचा थर काढावा. ती बाहेर काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात ठेवली की थर सुटतो. वायरची टोके भिजू देऊ नयेत. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत कधीही ओतू नये. ते क्षाराबरोबर धातूही खाते.

४. गॅस्केट नवे घालावे. जुन्या गॅस्केटमधून झिरपणाऱ्या पाण्याने बोल्ट व बाहेरचा पत्रा गंजतो.

५. सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून पाहावी. ती गंजून अथवा क्षाराने अडकलेली असेल तर व्हॉल्व्ह बदलावा. ठिबकते म्हणून त्याला बूच मारणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

६. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास ठेवावा. पाणी जितके अधिक तापवावे तितका थर व गंज अधिक. परंतु फार खालीही ठेवू नये, कारण साचलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

७. टाकी पुन्हा भरून गरम नळातून अखंड धार आल्यावरच बटण दाबावे. पाण्याविना तापलेली कॉइल तत्काळ जळते.

गच्चीवर सौर बंब बसविलेल्या सोसायट्यांनीही आपल्या टाकीत अशी कांडी आहे काय ते पाहावे. पुष्कळ सौर टाक्यांत ती असते आणि सर्वांचे म्हणून तिच्याकडे कोणीच पाहत नाही.

प्रश्न केवळ पैशाचा नाही

गंजाने कॉइलचे कवच फुटले की आतील वीज पाण्यात उतरते. ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला अशा विजेचा धक्का जीवघेणा ठरतो. अर्थिंग नीट असेल आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसविलेला असेल तर वीज क्षणात तुटते. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ ॲम्पिअर वीज घेतो. म्हणून त्याला मोठ्या तीन पिनांचे स्वतंत्र सॉकेट हवे. तिसरी पिन तोडून गिझर चालविणे हा शुद्ध अविचार होय. बटण दाबताच स्विच वारंवार पडत असेल तर तो जबरदस्तीने वर ढकलून ठेवू नये. तो आपल्याला धोका सांगत असतो. घरात लहान मुले व वृद्ध असतील तर अंघोळीला बसण्यापूर्वी गिझर बंद करण्याची सवय सर्वांनाच लावावी.

नवीन गिझर घेताना

आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे. विजेच्या साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२ हे मानक आहे. दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : टाकी कशाची व अस्तर कोणते, कांडी कोठे बसविली आहे व ती सुटी मिळते का, आणि जड पाण्यासाठी हे मॉडेल योग्य आहे का. हमीपत्रातील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. टाकीची हमी कॉइलपेक्षा अधिक वर्षांची असू शकते, आणि कांडी वेळेवर बदलली नसेल तर ती नाकारण्याची अटही तेथेच असू शकते. कांडी बदलल्याची पावती हमीपत्राला टाचून ठेवावी आणि गिझरच्या आवरणावर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहावी.

आपल्या वसाहतीत बहुतेक घरी गिझर आहे. एका इमारतीतील रहिवाशांनी मिळून एकाच दिवशी मेकॅनिक बोलाविला तर मजुरी कमी पडेल, कांड्या एकदम घेता येतील आणि ज्या वृद्ध दांपत्याकडे किंवा एकट्या राहणाऱ्या बाईकडे हे पाहणारे कोणी नाही त्यांचेही काम होऊन जाईल. सोसायटीच्या फलकावर दरवर्षी दिवाळीपूर्वी एक सूचना लागली, तरी यंदाच्या थंडीत दोन-चार टाक्या नक्की वाचतील.